उजव्या कानामागचा गुंता

६ जानेवारी, सोमवार

ही काल गेली. नर्सचं पुढचं शिक्षण, तीन महिने, दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात. जाताना दुधापासून गॅसपर्यंत सगळं बजावून गेली, पण लेकीच्या, म्हणजे मुंगीच्या, केसांबद्दल अवाक्षर नाही. विसरली असेल. किंवा हे काम माझं नव्हेच, असं धरून चालली असेल.

आज मुंगीचे केस ताईने विंचरले. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. ती मुंगीला शाळेत पोचवते आणि मग दिवसभर आमच्या लाँड्रीच्या काउंटरवर बसते. मी खाली इस्त्रीवर होतो. वरून अशी किंकाळी आली की गिऱ्हाइकाने विचारलं, "वर काय चाललंय हो?"

मी म्हटलं, "वेणी."

मुंगी पाच वर्षांची आहे. तिचे केस धड सरळ नाहीत, धड कुरळे नाहीत. लाटालाटांचे, आणि कोरडे ठणठणीत. कंगवा वरून निघतो तो कानापर्यंत येऊन अडकतो, की रडारड सुरू. शाळेच्या बाई फाटकातच ताईला म्हणाल्या, "नीट बांधून पाठवा, नाहीतर सरळ बॉयकट करा. आई घरात नसली की असंच होतं."

आई घरात नसली तरी बाप मेलेला नाही म्हणावं.

ताई दुकानात येऊन म्हणाली, "कापून टाक. केसच आहेत, शेती नाही."

"ताई, आपल्याकडे मळका कोट आला तर मी त्याच्या बाह्या कापून परत देतो का?"

"कोट रडत नाही."

मुंगीला विचारलं. ती दोन्ही हातांनी डोकं झाकून म्हणाली, "नाही कापायचे." झालं तर मग. उद्यापासून वेणी मी घालणार. पडद्यांच्या चुण्या पाडणाऱ्याला तीन पेड जमणार नाहीत होय?

गिऱ्हाइकाशी भांडता येत नाही आणि ताईशी भांडून उपयोग नाही. म्हणून इथे लिहून भांडतो.

८ जानेवारी, बुधवार

काल कंगव्याचे दात मोडले. वेणी अर्ध्यावर आली आणि खाली काउंटरवरची बेल वाजली. ती बेल वाजली की माझे पाय आपोआप जिन्याकडे वळतात, इतक्या वर्षांची सवय. "आलोच," म्हणून गेलो तो गेलोच. उरलेली वेणी ताईने घातली, तोंडाचा पट्टा चालू ठेवून.

आज मी डोकं चालवलं. नको होतं चालवायला. हॉटेलच्या नॅपकिनांसाठी पातळ खळ केली होती. जिने कॉलरीची टोकं बसतात, तिने केस का नाही बसणार? बाटलीत भरून वेणीवर फवारली. काय सांगू, अशी वेणी बसली की एक केस जागचा हलेना. मुंगीने ती खुर्चीच्या पाठीवर आपटली. "बाबा, टकटक वाजतंय!" दोघेही खूश.

दुपारी शाळेतून फोन. खळ वाळली, तिचे पांढरे पापुद्रे खांद्यावर पडायला लागले, आणि बाईंना वाटलं लिखा आहेत. पोरीला कोपऱ्यातल्या बाकावर एकटीला बसवलं होतं. मी गेलो तेव्हा ती तिथे हाताची घडी घालून बसली होती. परत येताना म्हणाली, "बाबा, मी टेबलक्लॉथ झाले." मला हसू आलं आणि पुढच्याच पावलाला रडूही आलं.

खळ जाईपर्यंत धुतलं. केस आता वाळलेल्या गवतासारखे झालेत.

ताई म्हणाली, "आता तरी कापशील?"

आता तर मुळीच नाही. गाढवपणा माझा, शिक्षा तिच्या केसांना कशाला?

११ जानेवारी, शनिवार

समोरच्या न्हाव्याकडे गेलो. शाळेपासूनचा माझा दोस्त, पण धंद्याच्या बाबतीत आम्ही एकमेकांना अक्कल शिकवत नाही असा अलिखित करार आहे. आज करार मोडला. खळीची गोष्ट सांगितल्यावर तो खुर्चीत बसून हसला, समोर अर्धी दाढी झालेला माणूस तसाच ठेवून.

मग म्हणाला, "कोरड्या केसांवर कंगवा घालतोस? वाळलेल्या सुती शर्टावर पाणी न मारता इस्त्री फिरवतोस का तू?"

मला शरम वाटली. हे मला सुचायला हवं होतं.

त्याने सांगितलं ते असं. रोज शाम्पू लावायचा नाही. केस ओले करायचे, कंडिशनर चोळायचा, आणि तो धुवायच्या आधीच रुंद दातांच्या कंगव्याने सोडवायचे. सुरुवात टोकापासून. टोक सुटलं की जरा वर, मग आणखी वर. रोज सकाळी धुवायची गरज नाही, पाण्याचा फवारा आणि टोकांना तेलाचा हात पुरे. "आणि पंच्याने खसाखसा पुसू नकोस."

हे मात्र मला सांगावं लागलं नाही. लोकरीचा स्वेटर कोणी पिळतं का? मऊ जुन्या बनियनमध्ये गुंडाळायचा, दाबायचा आणि गप्प बसायचं. पोरीचं डोकं म्हणजे लोकर हे आधी कळलं असतं, तर टेबलक्लॉथ झाला नसता.

निघताना न्हावी म्हणाला, "फुकट सल्ले देऊन गिऱ्हाईक घालवायची मला सवयच आहे."

१२ जानेवारी, रविवार

दुकान बंद. सकाळपासून आम्ही दोघं मोरीत. तिने फवाऱ्याने मला भिजवलं, मी तिला. कंडिशनर लावला, टोकापासून सोडवत गेलो. एकदाही रडली नाही. माझ्या जुन्या बनियनात डोकं गुंडाळून खिडकीपाशी बसली आणि सांगत राहिली: तिचा पुढचा दात हलतो, तिच्या शेजारचा मुलगा खोडरबर खातो, आणि कोपऱ्यातल्या बाकावरून मागची भिंत दिसते, तिच्यावर सरड्यासारखी भेग आहे. दात हलतोय हे मला ठाऊकच नव्हतं.

मी सकाळी सहाला खाली जातो, तेव्हा ती झोपलेली असते. वर येतो तेव्हा झोपेला आलेली असते. माझी पोर मला आडवीच जास्त माहीत आहे.

केस वाळले आणि काय सुरेख लाटा पडल्या! ताईला मुद्दाम बोलावून दाखवल्या. ती म्हणाली, "बघू सोमवारी."

संध्याकाळी हिचा व्हिडिओ कॉल. मी मुंगीचं डोकं पुढून मागून फिरवून दाखवलं. ही म्हणाली, "छान रे! पण तुला सकाळी दुकान असतं. झेपत नसेल तर काप, मी आले की वाढवू."

घ्या, घरचीच माणसं फितूर! झेपत नाही असं मी म्हटलंय का कुणाला? फोन ठेवल्यावर तिप्पट जोरात ठरवलं, नाही कापणार.

१३ जानेवारी, सोमवार

गुंता. उजव्या कानामागे, सुपारीएवढा.

काल विंचरून, तेल लावून, सैल वेणी घालून झोपवलं होतं. बाकी सगळं डोकं शहाण्यासारखं, फक्त तेवढ्या एका जागी घोळ. हॉटेलच्या चादरी द्यायच्या होत्या तरी बसून सोडवला. मुंगी म्हणाली, "सावकाश सोडव हं. दुखतं." तोवर तिला गोष्ट हवी होती. मी गेल्या आठवड्यात आलेल्या कोटाची सांगितली, ज्याच्या एका खिशात पाच किल्ल्या होत्या आणि दुसऱ्यात एक कुलूप, आणि एकही किल्ली त्याला लागत नव्हती. तिला फार आवडली. "उद्या दुसऱ्या कोटाची."

बेल वाजली. ताईने खालून हाक मारली. कोटाची गोष्ट अर्धी राहिली.

१५ जानेवारी, बुधवार

पुन्हा तिथेच. ही उशीची करामत असणार. सुती अभ्रा केसांतली ओल पिऊन टाकतो आणि वर घासतो. कोटाच्या अस्तराचं सॅटीन उरलं होतं, त्याचा अभ्रा शिवला. गुळगुळीत, माशी बसली तर घसरेल.

ताई म्हणाली, "राजकन्येचे लाड!"

म्हटलं, "हो. काय म्हणणं आहे?"

१६ जानेवारी, गुरुवार

उशी जमिनीवर, मुंगी गादीवर, गुंता कानामागे. उशी पडते कशी? सॅटीन घसरतं, म्हणून पडत असेल. उशीला नाडी शिवून पलंगाला बांधली.

मजा म्हणजे ती झोपते उजव्या कुशीवर असं मी समजत होतो, पण आज नीट पाहिलं, तर कायम डाव्या. मग गुंता उजवीकडे का? खिडकी उजव्या बाजूला आहे. फटीतून वारा येत असणार. उद्या फटीत चिंध्या कोंबतो.

१८ जानेवारी, शनिवार

फट बुजवली, गुंता कायम. वेणीचं रबर रोज पलंगाखाली सापडतं. इतकी सुळसुळीत वेणी, की रबर आपलं आपण निसटतं? जरा घट्ट बांधायला हवी.

पण मी आता हार जाणारा नाही. हात बसलाय. आज तो गुंता बघता बघता सोडवला आणि लगेच वेणी घातली. मुंगी म्हणाली, "झालं पण?"

"बघ, तुझा बाबा किती हुशार!"

ती जागची उठली नाही. कोटाची गोष्ट राहिली, पण चादरी वेळेवर गेल्या. गेल्या आठवड्यापासून हॉटेलचा मॅनेजर कुरकुरत होता, त्याचंही तोंड बंद.

२० जानेवारी, सोमवार

आज आंब्याच्या कोयीएवढा.

शनिवारी झटपट सुटला म्हणून मी शेफारलो होतो, त्याचं हे फळ. सोडवता सोडवता घाम फुटला. मुंगी मात्र मजेत. मांडी घालून माझ्या पायांत बसली आणि मागच्या कोटाचं काय झालं, त्या कुलपाचं काय झालं, सगळं वसूल करून घेतलं.

एक गोष्ट ध्यानात आली. काल रविवार, आणि रविवारी गुंता नव्हता. आधीच्या रविवारीही नव्हता. शनिवारी संध्याकाळी मी सावकाश तेल लावतो, त्याचा हा गुण. शोध लागला म्हणायचा! आता रोज संध्याकाळी शनिवारसारखं तेल लावायचं.

२३ जानेवारी, गुरुवार

तेलाने काही होत नाही. तेलकट गुंता होतो, एवढंच.

बाईंनी आज ताईला पुन्हा थांबवलं. उजव्या कानामागचे केस तुटून आखूड झालेत, ते वेणीतून बाहेर उभे राहतात. बाई म्हणे, "बिचारीचे हाल चाललेत." हे मात्र लागलं मला. कारण केस तुटतात हे खरं आहे. रोज तिथेच ओढाताण, मग काय होणार? माझ्या हट्टापायी पोरीचे हाल होत असतील तर? हा विचार दुपारभर इस्त्रीखाली येत राहिला. एका शर्टाला डाग पडला, माझ्या हातून, इतक्या वर्षांत प्रथमच.

संध्याकाळी मुंगीला पुन्हा विचारलं, "कापायचे का गं? दुखतं ना रोज?"

"नाही दुखत."

"सावकाश सोडव म्हणतेस ना?"

"ते सावकाश सोडवायला हवं म्हणून."

काय उत्तर हे! आत्यावर गेलीय.

२५ जानेवारी, शनिवार

ताईशी जोरदार जुंपली, गिऱ्हाइकांदेखत. ती म्हणाली, "तुला पोरीचं पडलेलं नाही, तुला जिंकायचंय." मी म्हणालो, "लाव पैज. सोमवारी सकाळी गुंता सापडला तर तू ने तिला समोर आणि काप हवे तेवढे. मी चकार शब्द काढणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

बोललो खरा, पण उगाच नाही बोललो. उद्या रविवार. उद्याचा अख्खा दिवस माझ्या हातात आहे. धुणं, कंडिशनर, तेल, सॅटीन, नाडी, चिंध्या, सगळी फौज उभी करतो. मुंगीला पैजेचं काही सांगितलेलं नाही. पोर उगाच घाबरायची.

२६ जानेवारी, रविवार

केसांना दृष्ट लागावी असं झालंय. वेणी सैल, रबर पक्कं. झोपताना मुंगीने विचारलं, "उद्या दुकान आहे?"

"आहे तर. हॉटेलची मोठी ऑर्डर आहे. उद्या बाबाला पटकन खाली जावं लागेल हं."

"बरं," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. शहाणी आहे माझी मुंगी. उद्या ताईचा चेहरा बघण्यासारखा होईल.

२७ जानेवारी, सोमवार

गुंता. मुठीएवढा. रबर त्याच्यातच गुरफटलेलं.

ताई दारात उभी होती. तिने मुंगीची चप्पल पुढे सरकवली. मी शब्द दिला होता. बेल वाजत होती, हॉटेलची गाडी चौकात उभी होती. मी चादरींचे गठ्ठे उचलले आणि चालू पडलो. भ्याडासारखा, असं लिहायला हरकत नाही.

चौकापर्यंत गेलो. गठ्ठे गाडीत टाकायच्या ऐवजी खांद्यावर तसेच घेऊन परत फिरलो. ड्रायव्हर ओरडत होता. ओरडू दे. पैज गेली खड्ड्यात, शब्द गेला खड्ड्यात. पाच वर्षांच्या पोरीचे केस मी पैजेवर लावलेच कसे? माझे होते का ते?

न्हाव्याच्या दुकानाचं दार उघडंच होतं. खुर्चीवर फळी, फळीवर मुंगी, गळ्याभोवती पांढरं कापड. न्हावी कात्रीला तेल देत होता. ज्या कात्रीला वर्षभर तेल मिळत नाही, ती आज तो जणू देवाला वाहायची असावी तशी पुसत होता. ताई म्हणत होती, "उरका ना, शाळेला उशीर होतोय."

न्हाव्याने मुंगीला विचारलं, "काय बाईसाहेब, किती कापू?"

मुंगी आरशाकडे बघत म्हणाली, "नको ना कापू काका. केस छोटे झाले की गुंता होणार नाही."

"मग बरंच की!"

"मग बाबा वर कशाला येईल?"

न्हाव्याने कात्री खणात टाकली आणि खण लावून घेतला. "आज दुकान बंद आहे," म्हणाला. मागे दाढीसाठी माणूस बसलेला होता.

मी गठ्ठ्यांसकट आत शिरलो आणि भांडायला तोंड उघडलं, की ताई, मी शब्द मोडतोय, काय करायचं ते कर. पण ताई भांडायला तयारच नव्हती. पदराने डोळे पुसत होती. तिनेच गळ्याचं कापड सोडलं आणि मुंगीला खाली उतरवलं. मला म्हणाली, "अरे खुळ्या, कळलं का काही?"

मी म्हटलं, "काय कळायचंय? केस कापायचे नाहीत, एवढं कळलंय."

दोघं माझ्याकडे बघत राहिले. मुंगीने माझी विजारच घट्ट धरली होती.

दिवसभर ते वाक्य डोक्यात फिरतंय. बाबा वर कशाला येईल. म्हणजे काय?

२८ जानेवारी, मंगळवार

आज बेल वाजायच्या आधीच, चप्पल न घालता वर गेलो. दार जरासं किलकिलं होतं.

मुंगी पलंगावर बसली होती. नाडी सोडून उशी खाली टाकलेली. तिने रबर काढलं, पलंगाखाली टाकलं, आणि उजव्या हाताने कानामागचे केस धरून गोल गोल घोळवायला लागली. जीभ बाहेर, भुवया वर, अगदी मन लावून. मी कठीण डाग काढताना माझा चेहरा असाच होतो, असं ही म्हणते. मधेच हाताने चाचपून बघितलं, पुरेसा झाला नव्हता बहुतेक, पुन्हा घोळवलं.

मी भिंतीला टेकलो. सॅटीन, नाडी, चिंध्या, तेल. आणि रविवारी गुंता नाही, कारण रविवारी त्याची गरज नाही. केवढा हुशार मी!

मी हळूच जिना उतरलो आणि पाय आपटत पुन्हा चढलो. आत धावपळ. मग मी दार ढकललं आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा! केवढा हा गुंता!"

"खूप मोठा झालाय ना बाबा?" तिचा जीव तरी केवढासा, पण आवाजात काय तो अभिमान!

"राक्षस आहे. वेळ लागणार."

ती मागे सरकून माझ्या पायांत बसली. मी पाणी फवारलं, कंडिशनर घेतला, टोकापासून सुरुवात केली. खाली बेल वाजली. मी उठलो नाही. तिने मान वळवून आधी जिन्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी म्हटलं, "हे बघ मुंगे, उद्या गुंता नसला तरी मी येणार आहे. वेणी तर घालायचीच ना."

"वेणी लवकर होते."

"मला नाही येत लवकर. आणि कोटाच्या गोष्टी किती राहिल्यात."

ती विचार करत राहिली. खोटं बोलणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ताई बघते, तसं बघत होती.

दुकानात येऊन पाटी लिहिली: सकाळी दुकान साडेनऊला उघडेल. हॉटेलच्या मॅनेजरला फोन केला. तो म्हणाला, "आमच्या चादरी साताला लागतात. कालच गाडी खोळंबली. कारण तरी काय?"

"घरी काम असतं."

"कसलं काम?"

"केस विंचरायचे असतात."

त्याला आधी थट्टा वाटली. मग म्हणाला, दुसरा लाँड्रीवाला बघावा लागेल. म्हटलं, खुशाल बघा.

ताईला सांगितलं, "पैज मी हरलो आणि शब्दही मोडला. भाऊ खोटारडा निघाला म्हणून गल्लीभर सांग." ती म्हणाली, "ते मी कालच सांगून आले," आणि पाटी जरा उंच, सगळ्यांना दिसेल अशी लावली.

३१ जानेवारी, शुक्रवार

हॉटेलवाला अजून परत आलेला नाही. न आला तर नाही.

सकाळी वर गेलो. उशी जागेवर, रबर वेणीत. उजव्या कानामागे एकच गुंता, मुगाएवढा.

मी हात लावायच्या आधीच मुंगी म्हणाली, "हा आपोआप झालाय हं."

"दिसतंयच," मी म्हटलं आणि कंगवा बाजूला ठेवून बोटांनीच सोडवायला घेतला. दात आज पडेल म्हणाली. त्या कोटाला शेवटी किल्ली सापडली का, विचारलं. मी म्हटलं, तो माणूस उद्या येणार आहे, तू दुकानात ये आणि विचार.

खाली बेल वाजली. मग पुन्हा वाजली, जरा चिडून.

मुंगी म्हणाली, "बाबा, बेल."

"वाजू दे," म्हटलं.